गोळीची वेळ चारची

मराठीत बोट दोघांना लागते. धक्क्याला लागली की माणसे लगबगीने सामान उचलतात. माणसाला लागली की तो कोपरा धरून आडवा होतो. भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, मालवण, पणजीकडे आगबोटी जायच्या त्या काळात कोकणी घरांत हा शब्द रोजचा होता. वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि पुरचुंडीत आले, लिंबू नाहीतर आवळासुपारी घेऊन चाकरमानी डेकवर पथारी टाकत. आगबोटी इतिहासजमा झाल्या. आता मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे क्रूझ जातात. वळकटीच्या जागी चाकांची बॅग आली, पण समुद्र तोच आहे आणि आपला कानही तोच आहे.

होय, कान. बोट लागते ती पोटाला नव्हे, कानाला. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांच्याजवळ कॅल्शियमचे सूक्ष्म खडे असतात. डोके वळले, शरीर वर-खाली झाले, की त्याची वर्दी हे अवयव मेंदूला देतात. क्रूझच्या बंद केबिनमध्ये डोळे सांगतात, भिंत स्थिर आहे. कान सांगतो, आपण वर चाललो आहोत, आता खाली. दोन साक्षी जुळत नाहीत, मेंदू गोंधळतो. मग तोंडाला पाणी सुटते, कपाळावर थंड घाम येतो, जांभया येतात आणि शेवटी उलटी होते. साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होणारी संथ हेलकावणी सर्वांत त्रासदायक. ज्यांच्या आतल्या कानाचे तोल सांभाळणारे अवयव पूर्ण निकामी झालेले असतात, त्यांना मात्र बोट लागत नाही.

म्हणून हा दुबळेपणा नव्हे. ब्रिटिश नौसेनापती नेल्सन यांना बोट लागायची. चार्ल्स डार्विन 1831 ते 1836 अशी जवळपास पाच वर्षे ‘बीगल’ जहाजावर होते आणि त्यांचा हा त्रास अखेरपर्यंत सुटला नाही. त्यांच्या हाताशी नसलेली गोष्ट आज आपल्या हाताशी आहे: औषध. पण ते वेळेवर घ्यावे लागते.

हे मी डोळ्यांनी पाहिले. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरची माणसे मुंबईहून गोव्याला क्रूझने निघालो. संध्याकाळी बोट सुटली, सगळे भरपेट जेवले. मुंबईचे दिवे मागे पडले आणि बोट हलू लागली. मावशी गप्प झाली. तिने पर्समधली गोळी काढून घेतली. दहा मिनिटांत उलटी झाली आणि बेसिनमध्ये ती गोळी तशीच पडलेली दिसली. तिच्या कडासुद्धा विरघळल्या नव्हत्या. बोटीवरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि म्हणाले, “मावशी, गोळी बरोबर घेतलीत, पण ती दुपारी चार वाजता घ्यायला हवी होती.”

कारण सोपे आहे. मळमळ सुरू झाली की जठराचे काम मंदावते. गोळी पुढे आतड्यात सरकत नाही, रक्तात उतरत नाही. बोट लागण्याची बहुतेक औषधे कान आणि उलटीचे केंद्र यांच्यामधला निरोप अडवतात. निरोप पोहोचून गेल्यावर दार लावून फारसा उपयोग नसतो.

कोणती गोळी, केव्हा?

या गोळ्यांपैकी एकीचा शोध अपघाताने लागला. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लेस्ली गे आणि पॉल कार्लिनर हे डॉक्टर अ‍ॅलर्जीवर एक नवे औषध तपासत होते. अंगावर पित्त उठते म्हणून आलेल्या एका गर्भवतीला ते दिले, तर तिच्या लक्षात आले की आता आपल्याला ट्राम लागत नाही! मग 1948च्या अखेरीस न्यूयॉर्कहून जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला निघालेल्या ‘जनरल बालू’ या लष्करी जहाजावर, हिवाळ्यातल्या खवळलेल्या अटलांटिकमध्ये, ते सैनिकांना देऊन पाहिले आणि ते लागू पडले. तेच डायमेनहायड्रिनेट. ते निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायचे. परिणाम चार ते सहा तास टिकतो. त्याच कुळातले मेक्लिझिन तासभर आधी घेतात, त्याचा परिणाम जास्त वेळ राहतो.

आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली अ‍ॅव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन थिओक्लेट. छोट्या प्रवासाला एक-दोन तास आधी, लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना घेण्याची पद्धत आहे. तिने झोप चांगलीच येते. सिनारिझिन साधारण दोन तास आधी घेतात; तिची गुंगी तुलनेने कमी असते.

परदेशातल्या क्रूझवर काहींच्या कानामागे छोटी गोल पट्टी दिसते. ती स्कोपोलामिनची. निदान चार तास आधी लावायची, तीन दिवस चालते. लावल्यावर हात धुवायचे, कारण तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन दिसणे धूसर होते. हेच द्रव्य आपल्या धोतऱ्यात असते. पण धोतरा हे विष आहे, त्याचा घरगुती प्रयोग कोणीही करू नये.

सर्दीसाठी घेतो ती सेटिरिझिन इथे चालत नाही, कारण ती मेंदूत फारशी पोहोचत नाही. उलटीवर नेहमी मिळणारी ओंडान्सेट्रॉनसुद्धा बोट लागण्यावर विशेष गुणकारी नाही.

कोणी जपावे?

काचबिंदू असलेल्यांनी, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही घेऊ नये. वयस्कर माणसांना या औषधांनी गोंधळल्यासारखे होऊ शकते, तोल जाऊन पडण्याची भीती असते. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन कधीच देऊ नये. मोठ्या मुलांचा डोस डॉक्टरांनीच ठरवावा. गोळीबरोबर मद्य नको, झोपेची गोळी नको, दोन गोळ्या एकत्र नकोत. गुंगी उतरेपर्यंत गाडी चालवू नये. पहिल्यांदाच घेणार असाल तर प्रवासाआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन पाहा, म्हणजे आपल्याला ती कितपत मानवते ते कळते.

औषधाला थोडी साथही द्यावी. केबिन बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. तिथे हेलकावे कमी असतात. त्रास वाटू लागला तर मोबाइल बाजूला ठेवून डेकवर जावे आणि क्षितिजाकडे पाहावे, म्हणजे डोळ्यांची आणि कानाची साक्ष जुळू लागते. जेवण हलके असावे. आजीच्या पुरचुंडीतले आलेही काहींना आराम देते. आल्याची वडी जवळ असू द्यावी. दोन-तीन दिवसांत बहुतेकांचे शरीर सरावते.

येत्या सुट्टीत क्रूझचे तिकीट काढाल तेव्हा एवढे करा. डॉक्टरांना विचारून गोळी ठरवा आणि तिची वेळ तिकिटावरच लिहून ठेवा. बोट सहाला सुटणार असेल आणि गोळी दोन तास आधी घ्यायची असेल, तर गोळीची वेळ चारची.