कुटीच्या उत्तरेची बॅटरी

मेळघाटातल्या त्या संरक्षण कुटीवर पोहोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मे महिन्यात सागाला पान नसतं, त्यामुळे ऊन थेट डोक्यावर येत होतं. कुटीवरचे वनमजूर काका ओट्यावर बसून बॅटरीची टोकं फडक्याने पुसत होते. "बसा मॅडम, हाताला अ‍ॅसिड लागलंय," म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. वीज न पोहोचलेल्या जंगलात वन्यजीवांच्या अभ्यासासाठी इमारती कशा उभ्या करतात ते पाहून या, असं संपादकांनी सांगितलं होतं. दोन दिवस राहिले आणि त्यातला बराचसा वेळ त्या बॅटरीपाशीच गेला.

१९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत महाराष्ट्रातलं एकच होतं, मेळघाट. सातपुड्याच्या या डोंगरांतून सिपना, खापरा, खंडू, गडगा, डोलार अशा नद्या तापीकडे वाहतात. पावसाळ्यात त्याच नद्या वाटा अडवतात. म्हणून गस्तीची माणसं जंगलातच मुक्कामाला हवीत आणि त्यांच्यासाठी कुट्या आल्या. शिकाऱ्यांवर नजर ठेवायला बांधलेल्या या कुट्या आता अभ्यासाचीही जागा झाल्या आहेत.

२००६ पासून दर चार वर्षांनी देशभरातल्या वाघांचा अंदाज घेतला जातो. २०१८ च्या फेरीत २६,८३८ ठिकाणी ट्रॅप कॅमेरे लागले, तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक छायाचित्रं निघाली आणि त्यांतली ७६,६५१ वाघांची होती. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून कॅमेरे पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर जोडीने बांधावे लागतात. प्रत्येक जोडीचे सेल, नोंदी घेणारा मोबाइल, रात्रीचा टॉर्च हे सगळं कुठेतरी चार्ज व्हायला हवं. या नियतक्षेत्रापुरतं ते 'कुठेतरी' म्हणजे काकांचा ओटा.

कुटीच्या दोन खोल्या वेगवेगळ्या काळातल्या. जुनी खोली दगड-मातीची, कौलारू, भिंत हातभर जाड. नवी सिमेंटच्या विटांची, वर पत्रा. रात्री नऊ वाजता नव्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला तळवा टेकवला तर ती तापलेल्या तव्यासारखी धगधगत होती. जुन्या खोलीत मात्र सारवलेल्या जमिनीवर पाय गार पडले. याच विदर्भात १९३६ साली सेवाग्राम वसलं आणि तिथली बापू कुटी माती, बांबू, कौलं यांतून उभी राहिली. आदर्श घराचं साहित्य पाच मैलांच्या आत मिळायला हवं, असं गांधीजींनी आपल्याला सांगितल्याची आठवण वास्तुरचनाकार लॉरी बेकर सांगत. जुनी खोली बांधणाऱ्यांनी हे ऐकलं असेल असं नाही, पण इथल्या कोरकू आदिवासींची घरं अशीच असतात, कुडाच्या भिंती आणि पुढे सावलीची पडवी.

तरीही जुनी खोली निर्दोष नाही. वानरं झाडावरून छपरावर उड्या घेतात आणि कौलं फुटतात. पत्रा आला तो मुख्यतः वानरांमुळे. पत्र्यावर पावसाचा आवाज एवढा होतो की वायरलेसवरचं बोलणं ऐकू येत नाही. काकांनी पत्र्यावर जुन्या तट्ट्या बांधल्या आहेत. त्याने आवाज बसला आणि उकाडाही थोडा कमी झाला. हा उपाय कुठल्याही नकाशात नव्हता.

आता बॅटरी. सौर पॅनेल बसवणाऱ्यांनी ती नव्या खोलीत, त्या तापणाऱ्या भिंतीला टेकून पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. पलीकडेच चूल. शिशाच्या बॅटरीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणजे चुलीशेजारी ठेवणं धोक्याचंच. पहिली बॅटरी दोन उन्हाळेही टिकली नाही. दुसरी आली तेव्हा काकांनी कुणाला न विचारता तिची जागा बदलली. उत्तरेच्या वळचणीखाली मातीच्या विटांचा कोनाडा केला, तळाशी फळी टाकली, हवा खेळावी पण उंदीर शिरू नये म्हणून पुढे बांबूची जाळी बसवली. या बॅटरीचा हा पाचवा उन्हाळा आहे.

पॅनेलचीही कथा आहे. साग उन्हाळ्यात बोडका आणि पावसाळ्यात हत्तीच्या कानाएवढ्या पानांचा. म्हणजे ऊन भरपूर असतं तेव्हा सावली नाही आणि ढगांतून जेमतेम उजेड येतो नेमकी तेव्हा झाडाची सावली दाट. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक पान चिकटून दोन-तीन सेल झाकले गेले तरी सगळ्या पॅनेलची वीज पडते. काका रोज सकाळी लांब काठीला फडकं गुंडाळून पॅनेल पुसतात. गस्तीआधीचं त्यांचं हे पहिलं काम.

जुन्या खोलीच्या दारामागे कोळशाने चार ओळी लिहिल्या आहेत: कॅमेऱ्याचे सेल, मोबाइल, दिवा, वायरलेस. सलग ढग असले की याच क्रमाने एकेक बंद करायचं. मीटरचा आकडा १२.२ च्या खाली गेला म्हणजे बॅटरी निम्मी रिकामी झाली. त्याखाली वारंवार नेली तर ती लवकर मरते. वायरलेस सर्वांत शेवटी. दिवा तसाही एकच, पिवळा, वरून झाकलेला. पांढऱ्या दिव्याला किडे जास्त येतात, किड्यांमागे बेडूक आणि बेडकांमागे साप. जनावरांचा अभ्यास करायला बांधलेल्या घराने त्यांची रात्र बिघडवू नये, हा विचार या दिव्यात मला दिसला.

अशा आणखी कुट्या बांधायच्या तर अडचणी लगेच समोर येतात. माती-बांबूचं घर चांगलं म्हणावं, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातून परवानगीशिवाय काडीही उचलता येत नाही. बांबू बाहेरूनच आणावा लागतो आणि प्रक्रिया न करता वापरला तर भुंगा त्याचं पीठ करतो. धारणीजवळ लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथे कोरकू कारागीर बांबूकाम शिकले. हात आहेत, पण बांधकामाच्या दरपत्रकात सिमेंटला ओळ असते आणि कुडाच्या भिंतीला नसते.

त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. बोरी, कोहा, कुंड ही गावं या शतकाच्या सुरुवातीला जंगलातून उठली, नंतर आणखी उठली. त्या जागी गवत आलं, हरणं आली, हे मी स्वतः पाहिलं आणि ते खरोखर चांगलं आहे. पण त्या गावांबरोबर कौल चाळायला, कूड लिंपायला, वळचण किती खाली घ्यायची ते सांगायला येणारी माणसंही गेली. आज कुटीला भेग पडली तर ठेकेदाराची वाट पाहायची. चार्ज कंट्रोलर जळाला तर नवा यायला पावसाळा उलटतो. गेल्या वर्षी तसंच झालं आणि अडीच महिने मोबाइलवरच्या नोंदी बंद पडल्या. कागदावर लिहिलेल्या होत्या म्हणून वाचल्या.

संपलेल्या बॅटरीचं काय करायचं, हाही प्रश्नच आहे. पहिली अजून खोलीमागे ताडपत्रीखाली आहे. तिच्यातलं शिसं ओढ्यात जाऊ नये म्हणून काकांनी ती फुटक्या पिंपात ठेवली आहे. ती न्यायला गाडी यायची आहे. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याची बाटली संपते तेव्हाही गाडीचीच वाट. मग काका पहिले तीन-चार पाऊस जाऊ देतात, हवेतली धूळ बसली की उघड्यावर धुतलेलं प्लास्टिक ताणून पाणी थेट काचेच्या बाटलीत धरतात. जाणकार याला नाइलाजाचा उपाय म्हणतील. काकांकडे तेवढाच आहे.

काका पुढच्या वर्षी निवृत्त होतील. कुटीच्या साहित्याच्या रजिस्टरात बॅटरी 'नग १' एवढीच आहे. पाणी कधी घातलं, जागा का बदलली, कशाचीच नोंद नाही. टिकाऊ इमारतीचा आराखडा करणाऱ्यांनी भिंतींइतकाच विचार या रजिस्टराचा करावा, सांभाळणाऱ्या माणसाच्या शिक्षणासाठी आणि सुट्या भागांसाठी दरवर्षी पैसे राखून ठेवावेत, असं मला कळकळीने वाटतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नव्याने रुजू झालेली वनरक्षक गस्तीवरून आली. काकांनी तिच्या हातात अ‍ॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर दिला आणि सहा सेलची सहा बुचं काढली. ती एकेक आकडा मोठ्याने वाचत गेली आणि कॅमेऱ्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहीत गेली. १२३०, १२३०, ११८०. "हा कमी का?" तिने विचारलं. काका काही बोलले नाहीत. तिसऱ्या बुचातून आत वाकून बघत राहिले. तिने त्या आकड्याखाली रेघ ओढली आणि चौथा सेल वाचायला घेतला.