बाळंतपण, रक्त आणि पाचशेची खूण

वार पडल्यानंतर गर्भाशयाच्या स्नायूंची मूठ घट्ट आवळली, की उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. मूठ सैल राहिली, तर रक्त वाहतच राहतं. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त येत असतं, त्यामुळे धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत दगावू शकते. 2023 साली जगात सगळ्या कारणांनी मिळून सुमारे 2 लाख 60 हजार मातामृत्यू झाले. त्यांतले साधारण 70 टक्के सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतले.

औषधं नव्हती असं नाही. गर्भाशय आवळायला ऑक्सिटोसिन आहे, मात्र त्याला फ्रिज लागतो आणि खेड्यातल्या विजेचा भरवसा नसतो. रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्सॅमिक आम्ल जपानच्या उताको ओकामोतो यांनी पतीसोबत 1960च्या दशकातच शोधलं होतं. ते तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटतात, हे सिद्ध व्हायला 2017 उजाडलं. ओकामोतो त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या.

पण औषध द्यायचं कधी? किती रक्त गेलं हे नर्स नजरेनेच ठरवायची. रक्त कापडात मुरतं, गर्भजलात मिसळतं, लादीवर पसरतं. नजर कितीही सरावलेली असो, अंदाज कमीच निघतो. बेळगावात हे मोजून पाहिलं होतं: नजरेचा आकडा मापापेक्षा सुमारे 33 टक्क्यांनी कमी. बेळगावच्या त्या मापासाठी वापरली होती बाळंतिणीच्या खाली अंथरायची, खुणा आखलेली प्लास्टिकची पिशवी.

तशीच पिशवी पुढे केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे 80 रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांच्या अभ्यासात वापरली गेली. रक्त 500 मिलिलिटरच्या खुणेला टेकलं, की पोट चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक आम्ल, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं. पूर्वी एक उपाय करून वाट बघायची, मग दुसरा. त्यातच मोलाची मिनिटं जात. नेहमीच्या पद्धतीत रक्तस्राव निम्म्याच वेळा ओळखला जात होता, पिशवीमुळे तो 93 टक्के वेळा ओळखला गेला. एक लिटरहून जास्त रक्त जाण्यासारखे गंभीर प्रकार 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले. मृत्यूंमध्ये मात्र ठोस फरक दाखवण्याइतका पुरावा या अभ्यासातून मिळाला नाही, आणि नुसती पिशवी पाहून हुरळून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. पिशवी फक्त वेळेवर सांगते. रक्तपेढी आणि शस्त्रक्रियेची सोय तिच्या पाठीशी लागतेच.

2025मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नियम आणखी कडक केला: नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, तर 500ची वाट न बघता 300 मिलिलिटरलाच उपचार सुरू करा.