सक्तमजुरी, साधी कैद आणि ‘दंड न भरल्यास…’

‘आरोपीला सात वर्षे सक्तमजुरी आणि दहा हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी सहा महिने साधी कैद.’ सत्र न्यायालयातल्या निकालाची बातमी मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे याच साच्यात छापून येते. वाचणाऱ्याची नजर ‘सात वर्षे’ या शब्दांवर थांबते आणि पुढच्या बातमीकडे वळते. पण या वाक्यातला प्रत्येक शब्द कायद्याने तोलून ठेवलेला आहे. शिक्षा झालेल्या माणसाचे आणि त्याच्या घरादाराचे पुढचे दिवस या शब्दांवरच ठरतात.

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या चौथ्या कलमात शिक्षेचे सहा प्रकार दिले आहेत : मृत्युदंड, जन्मठेप, कैद, मालमत्ता सरकारजमा करणे, दंड आणि समाजसेवा. यातले पहिले पाच जुनेच, सहावा नवा. या यादीत एकेकाळी ‘काळे पाणी’ही होते. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढे ती साध्या कैदेत बदलून त्यांना मंडालेला ठेवले गेले. सावरकरांना तर काळ्या पाण्याच्या दोन जन्मठेपा, म्हणजे पन्नास वर्षे ठोठावली होती. १९५५ मध्ये कायद्यातून काळे पाणी गेले, तिथे जन्मठेप आली. त्याच वर्षी फटक्यांची शिक्षाही रद्द झाली.

सक्तमजुरी आणि साधी कैद यांतला फरक कामाचा. सक्तमजुरीच्या कैद्याला तुरुंग देईल ते काम करावेच लागते. मग ते शेती असो, सुतारकाम, विणकाम किंवा स्वयंपाकघर. साध्या कैदेत कामाची सक्ती नसते. अब्रुनुकसानीसारख्या गुन्ह्याला कायदा साधी कैदच सांगतो. सक्तमजुरी म्हणजे वेठबिगारी मात्र नव्हे. या कामाचा योग्य मोबदला कैद्याला मिळालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केले.

सक्तमजुरीचे सगळ्यात उजळ रूप सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला पाहायला मिळते. औंध संस्थानाच्या राजांनी १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन यांच्या सूचनेवरून तिथे कैद्यांची खुली वसाहत उभी केली. कैदी तिथे बेड्यांशिवाय राहत आणि शेती करत. याच प्रयोगावरून गदिमांनी लिहिलेल्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला.

एका खटल्यात अनेक कलमे लागली, तर प्रत्येक कलमाची शिक्षा वेगळी सुनावली जाते. अशा वेळी निकालाच्या शेवटी येणारे ‘सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या’ हे चार शब्द फार मोलाचे. दहा वर्षे आणि पाच वर्षे अशा दोन शिक्षा एकत्रित असतील, तर माणूस दहा वर्षांनी बाहेर येतो. एकापाठोपाठ असतील, तर पंधरा वर्षांनी. खटला चालू असताना कच्चा कैदी म्हणून तुरुंगात काढलेले दिवसही कैदेच्या शिक्षेतून वजा होतात.

आता सर्वांत मोठा गैरसमज. ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ हे चावडीपासून लोकलच्या डब्यापर्यंत ऐकू येते, पण ते खरे नाही. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी आपली शिक्षा माफीच्या दिवसांसह पुरी झाल्याचा दावा केला होता. तो फेटाळताना १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ सांगितला. मग चौदाचा आकडा आला कुठून? ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला सरकारने शिक्षेत सूट द्यायची असली, तरी त्याने निदान चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढलेली असावीत, अशी तरतूद १९७८ मध्ये आली. म्हणजे चौदा वर्षे ही सुटकेची तारीख नव्हे. त्याआधी सूट देता येत नाही एवढाच तिचा अर्थ. राज्यपालांचा माफीचा अधिकार घटनेने दिलेला, त्याहून वेगळा. नौदल अधिकारी कावस नानावटी यांना मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली होती. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली.

फाशीची शिक्षा सत्र न्यायालय सुनावते, पण उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यापासून ती केवळ ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणांसाठी राखून ठेवली आहे. अजमल कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. दुसरीकडे, कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींना २००१ मध्ये झालेली फाशी सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली, राष्ट्रपतींनी दयेचा अर्जही फेटाळला. तरी सरकारने दयेच्या अर्जावर निर्णय घ्यायला केलेल्या दिरंगाईमुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

शिक्षेच्या या उतरंडीच्या दुसऱ्या टोकाला ‘कोर्ट उठेपर्यंत’ ही शिक्षा आहे. किरकोळ गुन्हा कबूल केलेला माणूस सकाळी न्यायालयाच्या मागच्या बाकावर बसतो. पुकारे होत राहतात, वकील ये-जा करतात, दाराबाहेर घरचे ताटकळतात. दुपारी जेवणाची सुट्टी होते, पुन्हा काम सुरू होते. संध्याकाळी न्यायाधीश खुर्चीवरून उठले की त्याची शिक्षा संपली. एका दिवसाची ही कैद. तिला ना कोठडी, ना कुलूप.

नव्या कायद्यातली समाजसेवाही अशाच छोट्या गुन्ह्यांसाठी आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने चोरलेला माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करणाऱ्यालाही ती देता येते. जुन्या कायद्यात त्यासाठी चोवीस तासांची कैद किंवा फार तर दहा रुपये दंड होता. याखेरीज १९५८ चा परिवीक्षा कायदा आहेच. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर दोषीला सोडण्याची मुभा तो देतो. जन्मठेपेला पात्र नसलेल्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात धाडायचे असेल, तर न्यायाधीशांना त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. कोवळ्या वयात सराईतांच्या बराकीत पडलेला मुलगा काय शिकून बाहेर येईल, याची काळजी या कायद्यामागे आहे. न्यायालयांनी त्याचा वापर अधिक मोकळ्या हाताने करायला हवा.

बातमीतल्या त्या वाक्याचा शेवट उरला : ‘दंड न भरल्यास’. पैसेवाल्यासाठी हे शब्द एका पावतीत मिटतात. रोजंदारीवर जगणाऱ्या घरातल्या माणसाला मात्र मूळ शिक्षा संपल्यावरही त्यांच्यापायी महिनोन्महिने तुरुंगात राहावे लागते, कारण ही कैद मूळ शिक्षेच्या वर, वेगळी भोगायची असते. कच्चे कैदी म्हणून काढलेले दिवसही तिच्यातून वजा होत नाहीत. सात वर्षांची सक्तमजुरी भोगून झालेला माणूस दहा हजार रुपयांसाठी आणखी सहा महिने कोंडला जावा, हा न्याय गरिबाला फार महाग पडतो.

म्हणून ज्यांचे कोणी तुरुंगात आहे, त्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दंड भरला की त्यापोटीची कैद त्याच क्षणी संपते. थोडी रक्कम भरली, तर त्या प्रमाणात ती कमी होते. आणि दंडाअभावी अडकलेल्या गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ पासून योजना आहे. तिच्यातून पंचवीस हजार रुपयांपर्यंतचा दंड भरता येतो. त्यासाठी तुरुंग अधीक्षकांकडे किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करावी. तिथे गरजूंना वकीलही मोफत मिळतो.