दूरस्थ दप्तराचें प्रारंभींच आरोपण

१. प्रयोजन. — पूर्वीं संशोधकास कागद पाहावयाचा तर दप्तर जेथें असेल तेथें पायपीट करावी लागे. आतां पोथ्यांच्या व मोडी कागदांच्या प्रतिमा एखाद्या दूरच्या संगणकावर ठेवितात, व संग्राहक त्या घरीं उतरवून घेतो. परंतु एका संग्रहाच्या चार घरीं चार प्रती झाल्या, एकींत नांव बदललें, दुसरींत पत्र गळलें, म्हणजे मूळ कोणतें हा पाठभेदांइतकाच जुना घोळ पुन्हा उभा राहतो. मूळ एकाच ठिकाणीं ठेवून तेंच सर्वांनीं पाहावें, हा त्यावर उपाय. दूरचें फोल्डर आपल्या संगणकांत घरच्यासारखें दिसूं लागावें, आणि तेंही संगणक सुरू होतांच आपोआप, अशी सोय लिनक्स प्रणालींत आहे. तिचा खुलासा, व तींत आमच्या हातून घडलेली चूक, येथें देतों.

२. संज्ञा व पूर्वपीठिका. — या क्रियेस ‘माउंट’ म्हणतात. आम्हांस ‘आरोहण’ यापेक्षां ‘आरोपण’ हा पर्याय युक्त वाटतो. कारण येथें एका रिकाम्या फोल्डरावर दुसऱ्या फोल्डराचा आरोप होतो. वेदान्तांतील अध्यारोपांत दोरीवर सर्प भासला तरी दोरी नष्ट होत नाहीं, ती केवळ झांकली जाते. हा दृष्टान्त वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

दूरचीं फोल्डरें अशीं जोडण्याची एनएफएस ही पद्धति सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें इ. स. १९८४ मध्यें काढली; पण ती घरच्या, विश्वासाच्या जाळ्यापुरती होती. इ. स. १९९५ मध्यें हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांत परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हां तेथील तातू यूलोनेन यांनीं एसएसएच ही गुप्तलिपीची वाट तयार केली. याच वाटेनें दूरचें फोल्डर आणणारी एसएसएचएफएस ही योजना मिक्लोश सेरेदी यांची. तिचा आधार असलेली फ्यूज ही यंत्रणा लिनक्सच्या गाभ्यांत इ. स. २००५ मध्यें आली.

३. रीति. — प्रथम किल्ल्यांची जोडी करावी. खाजगी किल्ली आपल्याजवळ राहते. सार्वजनिक किल्ली दूरच्या संगणकावर नोंदवावयाची. संगणक सुरू होतांना परवलीचा शब्द सांगावयास कोणी बसलेला नसतो, म्हणून ही किल्ली परवलीवांचून असावी लागते. अर्थात् ती चोरीस गेल्यास संग्रहच उघडा पडेल. याकरितां दूरच्या बाजूस तिला फायली पाहण्यापुरतीच मुभा ठेवावी, व इकडे तिची फाइल मालकाखेरीज कोणासही वाचतां येऊं नये.

दुसरें, दूरच्या संगणकाची ओळख. पहिल्या भेटींत तो आपला ठसा दाखवितो. सनदेवरील शिक्का जसा अस्सल मुद्रेशीं ताडून पाहतात, तसा हा ठसा तेथील व्यवस्थापकास विचारून ताडावा, मगच मान्य करावा. प्रारंभींचें आरोपण ‘रूट’ या मुख्य अधिकाऱ्याच्या नांवें होतें. म्हणून ही ओळखही त्याच्याच नांवें एकदां करून ठेवणें अवश्य आहे. हें न केल्यास हातानें सर्व चालतें आणि प्रारंभीं मात्र अडतें.

तिसरें, ‘एफएसटॅब’ या फाइलींत एक ओळ लिहावी. तींत सहा रकाने : दूरचा पत्ता, येथील रिकामें फोल्डर, प्रकार, अटी, व शेवटीं दोन शून्यें. अटींमध्यें ‘नेटडेव्ह’ (आरंभीं अधोरेषा देऊन) म्हणजे जाळें लागल्यावांचून उद्योग करूं नये. ‘रीकनेक्ट’ म्हणजे संबंध तुटल्यास पुन्हा जोडावा. ‘अलाउ-अदर’ (जोडरेषेच्या जागीं अधोरेषा) म्हणजे रूटखेरीज इतरांसही पाहूं द्यावें. आणि ‘आरओ’ म्हणजे केवळ वाचन. किल्लीची फाइल कोठें आहे हेंही येथेंच सांगावें.

४. आमची चूक. — आम्हीं आरंभीं ‘नेटडेव्ह’ लिहिलें नव्हतें, व वाचनाची मर्यादाही घातली नव्हती. एके दिवशीं जाळें लागण्यापूर्वींच आरोपणाचा प्रयत्न होऊन तो फसला. फोल्डर रिकामेंच राहिलें. आम्हीं तें न पाहतां एका पोथीच्या चाळीस पत्रांच्या प्रतिमा त्यांत ठेविल्या, आणि पोथी मालकास परत केली. दुसरे दिवशीं आरोपण यथास्थित झालें; दूरचा संग्रह दिसला, पण तीं चाळीस पत्रें कोठेंच नाहींत! तीन दिवस आम्हांस अन्न गोड लागलें नाहीं. अखेर आरोप काढून पाहिला तों पत्रें खालीं जशींच्या तशीं. दोरी होती, सर्पानें झांकली होती.

५. सावधगिरी. — यावर दोन उपाय आहेत. ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ ही अट घातली असतां फोल्डर प्रथम उघडतांच आरोपण होतें, व तें न झाल्यास स्पष्ट दोष दिसतो; लेखन मुकाट्यानें भलतीकडे जात नाहीं. दुसरा उपाय, आरोपणापूर्वीं रिकाम्या फोल्डरावर ‘सीएचएटीटीआर’ या आज्ञेनें अचलतेचें चिन्ह लावावें. म्हणजे आरोप नसतां त्यांत कांहीं ठेवितांच येत नाहीं.

आरोपण म्हणजे रक्षण नव्हे, हेंही विसरूं नये. लेखनाची मुभा असतां येथें पुसलेलें पत्र तेथेंही पुसलें जातें. यास्तव वाचकांस वाचनाचीच मुभा असावी, व संग्रहाची स्वतंत्र प्रत निराळ्या ठिकाणीं असावी. आणि प्रतिमा मूळ संग्रहांत पोंचल्याची खात्री होईपर्यंत पोथी मालकास परत करूं नये, हा आम्हीं स्वतःस घालून घेतलेला नियम संग्राहकांनींही पाळावा, इतकीच विनंती.