दहा लाखांचा उपवास, आठ-नऊ सेकंदांचा बटाटा

आषाढी एकादशीला सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात 10 लाखांहून अधिक वारकरी जमतात. त्यातल्या 10 लाख जणांनी खिचडीतून, भाजीतून किंवा नुसता उकडून 100 ग्रॅमचा एकेक बटाटा खाल्ला, असं धरू. लागेल 100 टन बटाटा, म्हणजे 10 टनी 10 ट्रक!

आता जगाचा हिशेब मांडा. 2022 साली जगात सुमारे 37.5 कोटी टन बटाटा पिकला. सरासरी काढली तर दिवसाला 10 लाख टनांहून जास्त आणि सेकंदाला जवळपास 12 टन. साऱ्या पंढरीच्या उपवासाला पुरेल एवढा बटाटा पृथ्वी नऊ सेकंदांच्या आत पिकवते! त्यातला एक तृतीयांशाहून अधिक वाटा चीन आणि भारत या दोनच देशांचा. भारताचं पीक सगळ्यांत सारखं वाटलं, तर माणशी सुमारे 40 किलो येतं.

हा पसारा गेल्या चार-पाच शतकांतला. त्याआधी हजारो वर्षं बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातच होता. तिथे टिटिकाका सरोवराच्या परिसरात, 3,800 मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच, तो पिकत आला. स्पॅनिश लोकांना तो 1530 च्या दशकात दिसला. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये समाधी घेतली तेव्हा भारतात बटाटा नव्हता, मिरची नव्हती, शेंगदाणा नव्हता आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावाही नव्हता. आज उपवासाची खिचडी या चौघांवरच उभी आहे.

मात्र एवढ्या मोठ्या पिकाचा घातही तेवढाच मोठा असतो. आयर्लंडमधली गरीब जनता प्रामुख्याने बटाट्याच्या एकाच वाणावर जगत होती. 1845 मध्ये त्यावर करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत भूक व रोगराईने सुमारे 10 लाख माणसं गेली. आषाढीला पंढरपुरात जमतो तेवढा जनसमुदाय! जवळपास तेवढ्याच लोकांनी देश सोडला.

अँडीजमध्ये मात्र आजही 4,000 हून अधिक देशी वाण आहेत. पेरूची राजधानी लिमा इथलं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र 1971 पासून या पिकावर काम करतं आणि असे वाण जपतं. उद्याच्या करप्याला तोंड देणारा गुण यांतल्याच एखाद्या वाणात सापडू शकतो. ही विविधता सांभाळणं हाच जगाच्या अन्नाचा खरा विमा आहे.