विश्लेषण : भूतशोध पथकातल्या ‘मीडियम’ची परीक्षा कशी होते?

पडक्या तुरुंगात, जुन्या वाड्यात रात्रभर कॅमेरे लावून भुतांचा शोध घेणाऱ्या पथकात अनेकदा एक ‘मीडियम’ असतो. आपण मृतात्म्यांशी बोलू शकतो, असा त्याचा दावा असतो.

त्याचे काम काय?
सहकारी तापमान आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतात. मीडियम वास्तूत फिरून नावे, काळ, मृत्यूचे कारण सांगतो. हे तपशील नंतर जुन्या नोंदींशी ताडून पाहिले जातात. मात्र जागेची माहिती त्याला आधी मिळालेली असेल, तर या पडताळणीला अर्थ उरत नाही.

सापळा कसा रचला गेला?
‘मोस्ट हॉन्टेड’ हा ब्रिटिश कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला. त्यातील परामानसशास्त्रज्ञ किअरन ओकीफ यांना मीडियम डेरेक अकोरा यांच्याविषयी शंका होती. ओकीफ यांनी २००५ मध्ये सांगितल्यानुसार, त्यांनी ‘क्रीड काफर’ नावाचा तुरुंगाधिकारी कल्पनेतून रचला आणि ते नाव अकोरांपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था केली. चित्रीकरणात नेमका हाच ‘आत्मा’ अकोरांच्या अंगात आला! या नावाची इंग्रजी अक्षरे फिरवली की ‘डेरेक फेकर’, म्हणजे ‘ढोंगी डेरेक’ असे होते. अकोरांनी फसवणुकीचा आरोप फेटाळला.

पुढे काय झाले?
प्रसारण नियामक ‘ऑफकॉम’ने त्याच वर्षी हा कार्यक्रम मनोरंजन असल्याचे ठरवले, खरा तपास नव्हे.

प्रेक्षकांनी काय पाहावे?
मीडियमने अचूक नाव सांगितले की थक्क होण्याआधी एकच प्रश्न विचारावा : हे त्याला आधी कुठून कळले असू शकेल?