चर्चचं वय आणि जागेचं वय

‘ही साइट किती जुनी?’ हा प्रश्न विचारण्याआधी कशाचं वय हवंय ते ठरवा. भिंतीचं, भिंतीतल्या हाडाचं, की त्या जागी माणूस पहिल्यांदा राहिला त्या काळाचं? तिन्ही उत्तरं वेगळी येऊ शकतात.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातलं पापा वेस्ट्रे जेमतेम सहा-सात किलोमीटर लांब. (शेजारच्या वेस्ट्रेवरून विमान दोन मिनिटांत पोचतं. जगातली सगळ्यात छोटी नियमित विमानफेरी ती हीच!) इथे पश्चिम किनाऱ्यावर नॅप ऑफ हॉवर नावाची दोन दगडी घरं आहेत, एकमेकांना चिकटून. 1930 च्या सुमारास ती खणली गेली आणि लोहयुगातली ठरली. पुढे 1973 आणि 1975 मध्ये अ‍ॅना रिची यांनी पुन्हा उत्खनन केलं. खापरं आणि रेडिओकार्बन तारखा हाती आल्या, आणि काळ निघाला इ.स.पू. 3700 ते 2800. दगड तेच, वय हजारो वर्षांनी मागे गेलं.

पण रेडिओकार्बन म्हणजे जादूची कांडी नव्हे बरं का. या घरांच्या भिंती दुपदरी आहेत आणि मधल्या पोकळीत उकिरड्यातला कचरा भरलाय. त्यातल्या हाडाची तारीख सांगते की जनावर कधी मेलं. भिंत त्यानंतरची, एवढंच त्यावरून म्हणता येतं. किती नंतरची, ते हाड सांगत नाही. म्हणून नमुना कुठल्या थरातून घेतला, ही नोंद तारखेइतकीच महत्त्वाची.

थोडं उत्तरेला सेंट बॉनिफेस चर्च आहे, 12 व्या शतकातलं, 1993 मध्ये दुरुस्त केलेलं. आवारात त्याहून जुने, क्रूस कोरलेले दगड सापडलेत. म्हणजे ख्रिस्ती लोक इथे या इमारतीच्या आधीपासून होते, हे म्हणायला आधार आहे. शेजारच्या कड्यात लोहयुगातली वस्तीही दिसते. आता मोह होतो, ‘लोहयुगापासूनचं पवित्र स्थान’ असं लिहून टाकायचा. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. वस्ती म्हणजे देवस्थान नव्हे. चांगली जमीन आणि आयते दगड मिळाले तर माणसं त्याच जागी पुन्हा बांधतात. पावित्र्य दाखवायचं तर वेगळा पुरावा द्यावा लागेल.

आणि तो शोधायला वेळ मर्यादित आहे. हा कडा समुद्र पोखरतोय. जो थर आज नोंदवला नाही, तो दोन-चार हिवाळ्यांनंतर तिथे असेलच असं नाही.